अन्नप्रक्रिया सांडपाण्याचे भूविसर्जन व भूजलसंरक्षण

फळे-भाज्यांची डबाबंदी, दुग्धप्रक्रिया, वाइननिर्मिती, मांसप्रक्रिया इ. उद्योगांचे सांडपाणी शेतात, कुरणात किंवा राखीव जमिनीवर सोडून मातीतील सूक्ष्मजीव व पिके यांच्याकरवी ते शुद्ध करण्याच्या पद्धतीस भूविसर्जन म्हणतात. जमिनीच्या कुवतीपेक्षा जास्त पाणी किंवा द्रव्ये दिल्यास ती मुळांच्या थराखाली झिरपून भूजलात पोहोचतात. ते रोखण्यासाठी परवाने, भारमर्यादा (ठरावीक क्षेत्रावर सोडावयाच्या द्रव्यांची मर्यादा) व निरीक्षण विहिरी यांची योजना केली जाते.

शहरी मैलापाणी शेतीला देण्याची यूरोपीय प्रथा जुनी आहे. मध्य यूरोपातील सायलीशिया प्रांतातल्या बुन्त्स्लाउ येथील व्यवस्था सोळाव्या शतकातील मानली जाते. एडिंबरोजवळच्या कुरणांचा आरंभ काही लेखक सतराव्या शतकापर्यंत मागे नेतात. मात्र त्यांची सविस्तर वर्णने एकोणिसाव्या शतकातील आहेत. अन्नउद्योगातील आधुनिक पद्धतीची सुरुवात सामान्यतः अमेरिकेतील दोन ठिकाणांशी जोडतात : न्यू जर्सीतील सीब्रुक येथे 1950 च्या सुमारास भाजीप्रक्रियेचे पाणी वनजमिनीवर फवारले जाऊ लागले, तर टेक्ससमधील पॅरिस येथे 1960 नंतरच्या दशकात सूप कारखान्याचे पाणी गवताळ उतारांवरून वाहू देण्याची पद्धत रूढ झाली. या दोहोंना एकाच परंपरेत बसवणे फारसे योग्य नाही. पहिल्या पद्धतीत बहुतेक पाणी जमिनीत मुरते. दुसरी कमी पाझराच्या मातीसाठी असून तीत पाणी पायथ्याशी गोळा केले जाते. भूजलाला असणारा धोका त्यामुळे मुळातच वेगळा ठरतो.

सर्वाधिक वाद जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीच्या (बीओडी; पाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजवताना सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन) मर्यादेविषयी आहे. घरगुती सांडपाण्याची बीओडी साधारणतः लिटरला 200 ते 300 मिग्रॅ. असते, चीजनिर्मितीतून उरणाऱ्या निवळीची 30,000 मिग्रॅ. च्याही वर जाते. अमेरिकी परवान्यांत दर एकरी दिवसाला 100 पौंड (हेक्टरी सुमारे 112 किग्रॅ.) हा आकडा वारंवार आढळतो. त्याच्या समर्थनार्थ अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 1977 मधील फळ-भाजी उद्योगाच्या मार्गदर्शिकेकडे बोट दाखवले जाते. परंतु तीत 36 ते 600 पौंड असा विस्तृत पल्ला येतो आणि परवान्यांत तो दुर्गंधी, माश्या अशा उपद्रवांच्या संदर्भात उद्धृत होतो. दुर्गंधी न येणारे शेत भूजलासाठी सुरक्षित असतेच असे नाही. म्हणून एका सरसकट आकड्याऐवजी मातीत हवा पुन्हा खेळण्यास लागणारा वेळ, पाणी देण्याच्या दोन पाळ्यांमधील विश्रांती व पाणी समान पसरणे यांवर मर्यादा ठरवावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दिवसाची सरासरी पाळूनही एकाच वाफ्यात सगळे पाणी सोडले, तर त्या वाफ्याखालील भूजल बिघडू शकते.

याचे कारण मातीतील क्रियांच्या क्रमात आहे. सेंद्रिय द्रव्य कुजताना सूक्ष्मजीव प्रथम ऑक्सिजन वापरतात. तो संपला की नायट्रेट, नंतर मँगॅनीज व लोह यांची ऑक्साइडे आणि पुढे सल्फेट यांचा वापर होतो. नायट्रेटाचे वायूरूप नायट्रोजनात रूपांतर होणे लाभदायक असते. पण लोहाची ऑक्साइडे विरघळली, की त्यांना चिकटलेले आर्सेनिकही मोकळे होऊ शकते. कारखान्याच्या पाण्यात आर्सेनिक नसतानाही विहिरीत ते आढळण्याचे हे एक कारण होय. कुजण्यातून निर्माण होणारा कार्बन डाय-ऑक्साइड मातीतील चुनखडी विरघळवतो. त्यामुळे भूजलाची कठीणता व एकूण विद्राव्य घन पदार्थ वाढतात.

क्षारांचा प्रश्न अधिक चिवट आहे, कारण सोडियम व क्लोराइड यांचे विघटन होत नाही. लोणची, ऑलिव्ह व चीज यांचे खारे पाणी वेगळे काढणे हाच परिणामकारक उपाय होय. फळे-भाज्यांची साल काढण्यासाठी कॉस्टिक सोड्याऐवजी (सोडियम हायड्रॉक्साइड) पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरल्यास पोटॅशियमचा काही भाग पिके घेतात. सोडियम वाढल्यास चिकणमातीचे कण विखुरतात आणि पाणी मुरणे मंदावते. नायट्रोजनाची मात्रा पिकाच्या गरजेइतकी ठेवतात. पीक वाढत नसण्याच्या काळासाठी साठवण तलाव लागतात आणि त्यांचे तळ अपारगम्य असावे लागतात.

पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटाचे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला 50 मिग्रॅ. आहे. कॅलिफोर्नियात 1968 चा जलगुणवत्ता न ढळू देण्याचा ठराव आणि 1969 चा पोर्टर-कोलोन कायदा हे परवान्यांचे मुख्य आधार होत. तेथील मध्य खोऱ्यासाठी क्षार व नायट्रेट नियंत्रणाचा स्वतंत्र कार्यक्रम 2018 मध्ये संमत झाला. भारतात पर्यावरण (संरक्षण) नियम, 1986 नुसार सिंचनासाठी जमिनीवर सोडावयाच्या पाण्याची बीओडी सर्वसाधारणतः लिटरला 100 मिग्रॅ. पर्यंत मर्यादित आहे. ही तीव्रतेची मर्यादा असल्याने हेक्टरी किती पाणी दिले जाते, हे स्वतंत्रपणे पाहावे लागते : अशा पाण्याचा 1 सेंमी. थर हेक्टरी 10 किग्रॅ. भार टाकतो, 10 सेंमी. थर 100 किग्रॅ.

निरीक्षणासाठी भूजलप्रवाहाच्या वरच्या बाजूस निदान एक व खालच्या बाजूस अनेक विहिरी घेतात. विसर्जन सुरू होण्यापूर्वीच्या नोंदी असतील, तरच मूळची गुणवत्ता निश्चित सांगता येते. खोल भूजलपातळीच्या प्रदेशात दूषण विहिरीत दिसण्यास वर्षे लागतात. तेथे मुळांच्या थराखालून मातीतील पाण्याचे नमुने घेणे अधिक उपयुक्त ठरते.