फिडल फायकस, बुटका (घरातील निगा)

वड, पिंपळ व उंबर ज्या प्रजातीत मोडतात त्याच फायकस प्रजातीतील शोभेचे झाड. फायकस लायरेटा ही मूळ जाती पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या सखल वर्षावनांतली. तिथे ती १२ ते १५ मीटर उंच होते. ‘बाम्बिनो’ हा तिचा ठेंगणा वाण आहे. त्याची पाने लहान, गोलसर, जाड आणि दाटीने येतात. कुंडीत तो साधारण एक ते दीड मीटरवर थांबतो, म्हणून मुंबईच्या छोट्या घरांना सोयीचा.

मुंबईच्या दमट हवेत हे झाड सुखाने राहते. खरी वाण पडते ती उजेडाची. समोरची इमारत खिडकीला भिडलेली असेल, तर झाड टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात शोभेसाठी ठेवू नये, खिडकीशीच ठेवावे. पूर्वेचे कोवळे ऊन उत्तम. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेच्या दुपारी पाने करपतात, तिथे पातळ पडदा हवा. एकदा जागा मानवली की झाड सारखे हलवू नये, ते पाने गाळते. एसीचा झोतही त्याला सोसत नाही.

झाडे दगावतात ती बहुधा पाण्याच्या अतिरेकाने, आणि तीही पावसाळ्यात. उन्हाळ्यातला पाण्याचा क्रम जून ते सप्टेंबर तसाच चालू ठेवला तर माती वाळतच नाही, मुळे कुजतात आणि खालच्या पानांवर तपकिरी डाग पसरतात. वार ठरवून पाणी घालण्यापेक्षा मातीत बोट खुपसून पाहावे. वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. नर्सरीतून आणलेले झाड चिकट लाल मातीत असेल तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) व थोडे शेणखत मिसळलेल्या भुसभुशीत मिश्रणात लावावे.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यू पसरवणारे एडिस डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतात, म्हणून ताटली आठवड्यातून एकदा तरी घासून कोरडी करणे अत्यावश्यक आहे.

बांधकामांची धूळ पानांवर बसून उजेड अडवते. ती ओल्या फडक्याने पुसावी. पुसताना पानांची खालची बाजूही पाहावी, कारण पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी या किडी तिथेच दडतात. कडुलिंबाच्या तेलाची फवारणी त्यांवर उपयोगी पडते. छाटताना निघणारा पांढरा चीक त्वचेला झोंबतो. पाने खाल्ल्यास मांजर-कुत्र्यांना त्रास होतो.