ठिपक्याचं वय आधी बघा: बोटीवरचा निरोप-सेट वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. तुमच्या ट्रॉलरवर किंवा होडीवर आमचा सेट, म्हणजे बोटीची जागा आणि निरोप रेडिओने एका बोटीवरून दुसरीवर देत जेटीपर्यंत पोचवणारं यंत्र, बसलेला आहे, किंवा यंदाच्या हंगामात बसवायचा विचार चालला आहे, म्हणून हे पत्रक. सेट चालवायचा कसा ते तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, आम्ही जेटीवरच दाखवतो. बटणं तीनच आहेत. इथे लिहिलंय ते मुख्यतः मालकांसाठी आणि घरच्या माणसांसाठी, जी रात्री मोबाईलवर नकाशा उघडून आपल्या बोटीचा ठिपका शोधत बसतात.

बोट आत्ता कुठे आहे हे तो ठिपका सांगत नाही. ती कुठे होती, एवढंच सांगतो. किती वेळापूर्वी होती, ते ठिपक्याखाली मिनिटांत लिहिलेलं असतं. आधी तो आकडा वाचा, मग जागा बघा.

हे आम्ही स्वतः ठेच लागल्यावर शिकलो. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यानंतरचे पहिले दिवस होते. रात्री दीड वाजता गोव्यातल्या मालीम जेटीच्या एका मालकाचा फोन आला: मांडवी नदीच्या तोंडाशी, आग्वादजवळ, वाळूचा पट्टा आहे, तिथेच ठिपका थांबलाय, हलत नाही, तांडेलाचा फोन लागत नाही, बोट वाळूत रुतली असणार. आम्ही बेतीच्या आमच्या दुकानातून निघून जेटीवर पोचेपर्यंत त्यांनी दुसऱ्या बोटीच्या माणसांना झोपेतून उठवून इंजिन चालू करायला लावलं होतं. दुकानाच्या छपरावरच्या सेटाची नोंद काढून पाहिली, तर शेवटचा निरोप ४७ मिनिटांपूर्वीचा. बोट केव्हाच पट्टा ओलांडून खोल पाण्यात गेली होती, जवळजवळ ९ किलोमीटर पुढे. निरोप पुढे देणाऱ्या मधल्या एका होडीने बॅटरी वाचवायला सेट बंद केला होता आणि तेवढ्यावर दुवा तुटला. पण दोष आमच्याच पडद्याचा होता. ४७ मिनिटांपूर्वीचा ठिपका आम्ही आत्ताच्या ठिपक्यासारखाच हिरवागार दाखवत होतो. त्या मालकांच्या घरच्यांनी ती रात्र कशी काढली असेल, हे आम्ही विसरलेलो नाही. त्यानंतर पडदा बदलला. आता ठिपका जुना होत जातो तसा करडा पडतो आणि त्याच्याभोवती वर्तुळ वाढत जातं.

वर्तुळ म्हणजे काय

हिशेब साधा आहे. जाळं ओढताना ट्रॉलर ३ नॉटच्या आसपास चालतो, म्हणजे मिनिटाला सुमारे ९० मीटर. माल भरून परत येताना ८ नॉट धरले, तर मिनिटाला जवळपास २५० मीटर. ठिपका १५ मिनिटांचा असेल, तर जाळं ओढणारी बोट त्या जागेपासून जास्तीत जास्त १ किलोमीटर ४०० मीटरवर असेल, आणि परत येणारी ३ किलोमीटर ७०० मीटरवर. कुठल्या दिशेला ते माहीत नाही, म्हणून वर्तुळ. बोट त्या वर्तुळात कुठेतरी आहे, मधोमध असेलच असं नाही.

ही कल्पना आमच्या डोक्यातली नाही. १९९८ साली यंग-बे को आणि नितीन वैद्य या दोघांनी टेक्सास ए अँड एम विद्यापीठात ती मांडली. त्यांना वर्तुळ लागलं ते निरोप पोचवायला. एखादा सेट शेवटचा कुठे होता आणि किती वेगाने चालतो हे ठाऊक असेल, तर त्याला शोधायला सगळा समुद्र पालथा कशाला घालायचा? तो असू शकेल तेवढ्या वर्तुळाच्या दिशेनेच हाक द्यायची, बाकीच्यांनी गप्प राहायचं. आमचे सेट नेमकं हेच करतात. तेच वर्तुळ पडद्यावर तुम्हालाही दाखवावं, एवढी भर आमची.

ठिपका येतो कुठून

बाहेर समुद्रात मोबाईलचा टॉवर नाही. आमच्या सेटाला तो लागतही नाही. प्रत्येक सेट आकाशातल्या उपग्रहांवरून आपली जागा काढतो, आजूबाजूच्या सेटांना सांगतो, आणि दुसऱ्याचा निरोप ऐकून पुढे देतो. तांत्रिक भाषेत याला मोबाईल ॲड हॉक नेटवर्क म्हणतात. मासेमारांना आम्ही वेगळं समजावतो: तुमच्या जाळ्याच्या गाठी पक्क्या असतात, या जाळ्याच्या गाठी म्हणजे बोटी, आणि त्या सारख्या सरकत असतात. मघाशी जिथून निरोप गेला ती वाट आता असेलच असं नाही. म्हणून वाट एकदा आखून चालत नाही, दर वेळी नव्याने काढावी लागते.

मग प्रत्येक बोटीने दर मिनिटाला आपली जागा सगळ्यांना का कळवू नये? हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात आणि तो योग्यच आहे. आमचा सेट ‘लोरा’ नावाच्या रेडिओ पद्धतीने बोलतो. ती लांब पोचते, पण सावकाश बोलते. सगळ्यात लांबच्या पल्ल्यावर सेकंदाला ३०० बिटसुद्धा जात नाहीत. मधला पल्ला घेतला तरी एक छोटा निरोप सेकंदाचा पाचवा भाग खातो. ४० बोटी दर मिनिटाला बोलल्या आणि प्रत्येकीचा निरोप बाकीच्यांनीही जसाच्या तसा पुढे दिला, तर मिनिटाला १,६०० निरोप होतात. त्यांना हवेत ३२० सेकंद लागतील, आणि मिनिटात सेकंद असतात ६०. सगळे एकदम बोलायला लागले की कुणाचंच ऐकू येत नाही, हे मासळीच्या लिलावात उभं राहिलेल्याला वेगळं सांगायला नको.

यावरचा तोडगा समजून घ्यायचा असेल तर संध्याकाळी मिरामारच्या वाळूत उभं राहा. समोरून बाहेर पडणारा ट्रॉलर बघता बघता एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जातो. क्षितिजावरचं मुरगावला निघालेलं जहाज मात्र कितीतरी वेळ एका जागी ठेवल्यासारखं दिसतं, खरं तर वेग त्याचाच जास्त असेल. लांबची वस्तू आपल्या दृष्टीने हळू हलते, म्हणून तिची खबर उशिरा आली तरी दिशा फारशी चुकत नाही. १९९८ सालीच मांडल्या गेलेल्या ‘ड्रीम’ नावाच्या पद्धतीचं मर्म हेच. आमचा सेट शेजाऱ्यांना दर मिनिटाला आपली जागा सांगतो, दोन-तीन बोटी पलीकडच्यांना दर पाच मिनिटांनी आणि सगळ्या गटाला दर पंधरा मिनिटांनी. म्हणजे जेटीवरून बघताना लांबच्या बोटीचा ठिपका १२-१४ मिनिटांचा दिसला तर काळजीचं कारण नाही. सगळं नीट चाललं असताना तो तसाच दिसतो.

कधी एकच खबर दोन वाटांनी येते आणि जुनी मागाहून पोचते. ठिपका मागे उडी मारू नये म्हणून प्रत्येक खबरीला सेट चढता क्रमांक देतो. लहान क्रमांकाची खबर आली की टाकून देतो. चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी १९९४ साली आपल्या पद्धतीत वापरलेला हा उपाय आहे, आणि आमच्या मते या सगळ्या विषयातला सर्वात गुणी.

निरोप वाट कशी काढतो

तुम्ही बेतीहून बोटीला निरोप पाठवला: ‘बर्फ संपला असेल तर परत ये.’ बोट बागा किनाऱ्याच्या समोर समुद्रात आहे. मध्ये जमीन आणि डोंगर, सरळ रेडिओ पोचत नाही. सेटाचा साधा नियम असा, की ज्यांचं आपल्याला ऐकू येतं त्या शेजाऱ्यांपैकी जो बागाला सगळ्यात जवळ, त्याच्या हाती निरोप द्यायचा. पुढच्यानेही तसंच करायचं.

बहुतेक वेळा हे जमतं. पण समजा, नेरूलच्या खाडीत एक होडी आहे. बेतीपेक्षा ती बागाला जवळ, म्हणून निरोप तिच्याकडे जातो, आणि तिथे अडकतो. तिच्यापुढे जमीन, बागाला तिच्यापेक्षा जवळ असलेलं कुणीच तिला ऐकू येत नाही. नकाशावर ती सगळ्यात जवळची, आणि वाट मात्र तिच्याकडून नाही. आम्ही पहिल्यांदा नदीत तीन सेट घेऊन चाचणी केली तेव्हा असंच झालं होतं. पडद्यावर निरोप नेरूलला जाऊन बसला, तो अर्धा तास तिथेच.

ब्रॅड कार्प आणि एच. टी. कुंग यांनी २००० साली या अडचणीतून वाट दाखवली. पुढे कुणी नाही असं दिसलं की जवळ-लांब विसरायचं आणि अडथळा उजव्या हाताला ठेवून त्याच्या कडेकडेने जायचं. देवळात प्रदक्षिणा घालताना गाभारा उजव्या हाताला राहतो, तसं. निरोप नेरूलहून उलटा नदीच्या तोंडाकडे येतो, आग्वादचं टोक उजव्या हाताला ठेवून बाहेरच्या बोटींवरून वळतो, आणि बागाला आधीपेक्षा जवळची बोट भेटली की पुन्हा पहिला नियम धरतो. लांबून येतो, पण येतो. मात्र आग्वादच्या बाहेर निदान एक बोट सेट चालू ठेवून असायला हवी. ती नसेल तर कुठलंच गणित कामाला येत नाही.

म्हणून कळकळीची विनंती: जाळं टाकून झाल्यावर, परतताना, झोपताना, सेट बंद करू नका. ‘दुसऱ्यांच्या निरोपांना माझी बॅटरी का जाळू?’ असं काही तांडेल विचारतात. ऐकण्यापेक्षा बोलायला जवळपास पंचवीस पट वीज लागते हे खरं. पण मिनिटाच्या साठ सेकंदांत सेट एक-दोन सेकंदच बोलतो. बोटीच्या बॅटरीला ते जाणवतही नाही. आणि त्या रात्री मालीमच्या माणसांना जी धावपळ झाली, तिची सुरुवात एका बंद सेटापासून झाली.

माझी जागा दुसऱ्याला कळेल का

मासळी कुठे लागली हे कुणी जेटीवर ओरडून सांगत नाही. आम्हीही कोकणातलीच माणसं, आम्हाला हे कळतं. त्यामुळे सेट दोन जागा वेगळ्या पाठवतो. वाट काढायला लागते ती ढोबळ जागा, अक्षांश-रेखांशाच्या दशांशानंतर दोनच आकडे ठेवून, म्हणजे साधारण १ किलोमीटर १०० मीटर बाजूच्या चौकोनाइतकी. ती सगळ्या सेटांना दिसते. एवढ्या अंतरावरची बोट दुर्बिणीतूनही दिसतेच. नेमकी जागा बंद पाकिटात जाते आणि ते फक्त तुमच्या गटाच्या किल्लीने, म्हणजे सेटात घातलेल्या गुप्त संकेताने, उघडतं. दुसऱ्याची बोट ते पाकीट पोचवते, फोडू शकत नाही. किल्ली आमच्याकडेही राहत नाही, तेव्हा ती हरवली तर सगळ्या बोटींवर नवीन घालावी लागेल. बोट विकताना किल्ली पुसायला विसरू नका.

किती लांब पोचतो

पृथ्वी गोल आहे, म्हणून सगळं अँटेनाच्या उंचीवर आहे. होडीवर २ मीटर आणि ट्रॉलरच्या डोलकाठीवर ६ मीटर उंच अँटेना असतील, तर कागदावर अंतर येतं सुमारे १६ किलोमीटर. दोन होड्यांमध्ये साडेअकरा. लाटा, पाऊस, मध्ये येणारी केबिन धरून आम्ही त्याच्या निम्मंच सांगतो. अँटेना उभीच बांधा, आडवी नको. ओल्या जाळ्याखाली किंवा लोखंडी पत्र्याला टेकून ठेवू नका. अँटेना लावल्याशिवाय सेट चालू करू नका, आतला भाग जळू शकतो.

सेट ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतो. ठरलेल्या ताकदीच्या मर्यादेत या पट्ट्याला भारतात परवाना लागत नाही. ती मर्यादा वाढवून द्या म्हणून कृपया आम्हाला सांगू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा सेट जीव वाचवायचं साधन म्हणून घेऊ नका. आसपास बोट नसेल तर तो मुका आहे. संकटात व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबरचं चॅनेल, इस्रोने तयार केलेला संकट-संदेश देणारा डॅट, आणि किनाऱ्यावरून तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर, याच तीन गोष्टींकडे आधी वळा. ठिपका करडा पडून तास उलटला, वर्तुळ मोठं झालं आणि बोटीची यायची वेळही टळून गेली, तर आम्हाला फोन करण्याआधी १५५४ला करा. शेवटची जागा आणि तिची वेळ दोन्ही सांगा. नुसती जागा सांगितली तर शोधणारे तुमच्या जुन्या ठिपक्यावरच जाऊन पोचतील.

१ जून ते ३१ जुलै बंदीच्या दिवसांत सेट दुकानात आणून द्या. मीठ बसून जोडाच्या पितळेवर हिरवा थर चढतो आणि पल्ला गुपचूप अर्ध्यावर येतो. पडद्यावर त्याचं काहीच कळत नाही. जोड घासून, रबरी टेप बदलून, बॅटरी तपासून आम्ही परत देतो. येताना अँटेनाची वायर पूर्ण सोडवून आणा, मधेच कापू नका, आणि सेटावर बोटीचं नाव रंगाने लिहा. गेल्या खेपेला एकाच रंगाचे अकरा सेट दुकानात जमले आणि कुणाचा कोणता हे शोधण्यात दोन दिवस गेले.