कोरांटीला पाणी लागतच नाही?

‘कोरांटी रानातली आहे, लावून विसरून जा, पाणी घातलं तर मरेल’ असा सल्ला गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. तो मनाला पटतो, कारण माळावरची पिवळी कोरांटी भर उन्हाळ्यातही तग धरून असते.

पण ती तग धरते मुळांच्या जोरावर. माळावरच्या झुडपाची मुळं खोल गेलेली असतात. नर्सरीतल्या पिशवीतलं रोप उपसून पाहा, मुळं मूठभर मातीतच गुंडाळलेली दिसतील. वरची माती वाळली की त्याला दुसरा आसरा नाही. म्हणून पहिलं वर्ष पाणी द्यायलाच हवं. बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तर भरपूर पाणी घाला. रोज थोडं थोडं शिंपडू नका, त्यानं मुळं वरच राहतात. पुढच्या वर्षापासून जमिनीतल्या झुडपाला क्वचितच पाणी लागतं.

‘पाण्यानं मरतं’ यात मात्र तथ्य आहे, फक्त दोष साचलेल्या पाण्याचा. कोल्हापूरच्या काळ्या मातीत पावसाळ्यात ही भीती खरीच. फूटभर खड्डा खणून पाण्यानं भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं, तर ती जागा सोडा किंवा मुरूम घालून वाफा उंच करा. मला उंच वाफाच बरा वाटतो.

कुंडीतल्या कोरांटीला मात्र पाणी कायमच द्यावं लागतं. आणि काटे अणकुचीदार असतात, मुलांच्या वाटेत लावू नका.