कचऱ्याचा डोंगर खचतो कसा?

घरोघरचा कचरा न दाबता एका घनमीटरच्या पेटीत भरला, तर त्याचे वजन साधारण १०० ते २०० किलो भरते. तेवढ्याच पेटीत पाणी १००० किलो मावते. म्हणजे पेटीतली बरीचशी जागा हवेनेच अडवलेली असते: बाटल्यांच्या पोटात, खोक्यांत, चुरगळलेल्या पिशव्यांच्या घड्यांत.

लँडफिलवर, म्हणजे कचरा थराथराने पुरतात त्या जागेवर, आधी ही हवा काढतात. त्यासाठीच्या कॉम्पॅक्टरचे वजन बरेचदा २० टनांच्या वर असते आणि त्याच्या पोलादी चाकांना जाड दाते असतात. कचरा पातळ थरात पसरायचा आणि त्यावरून यंत्र तीन-चार वेळा फिरवायचे. दाते खोक्यात रुततात, पिशव्या फाटतात, बाटल्या चेपतात, बारीक माल मोठ्या वस्तूंच्या फटींत जाऊन बसतो. थर जाड ठेवला तर वरचा भाग तेवढा दबतो, खालचा पोकळच राहतो. गादी किंवा टायर मात्र चाक पुढे सरकले की पुन्हा फुगतो. नीट दाबलेला कचरा घनमीटरला ६०० ते ९०० किलोपर्यंत जातो, आणि दिवसअखेर त्यावर मातीचा थर पडतो.

बहुतेकांना वाटते, इथे काम संपले. खरे तर खचणे आता सुरू होते.

वर नवे थर चढत जातात तसा खालचा कचरा त्या भाराने दबतो. हा टप्पा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उरकतो. पुढचे काम संथ असते. सततच्या भाराखाली पुठ्ठा वाकत जातो, पत्र्याचे डबे गंजून कोसळतात आणि जिवाणू अन्न व कागद खाऊ लागतात. कचऱ्यातला ऑक्सिजन लवकर संपतो. मग हवेशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात आणि जो वायू तयार होतो त्यात साधारण निम्मा मिथेन असतो, उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड. मला यातली ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते: डोंगराचा काही भाग अक्षरशः वायू होऊन निघून जातो आणि त्याच्या रिकाम्या जागेत वरचा कचरा ढासळतो.

एकूण उंची बरेचदा १० ते ३० टक्क्यांनी घटते. म्हणजे ३० मीटरचा ढीग ३ ते ९ मीटर खाली बसतो, त्यातला मोठा वाटा पहिल्या काही वर्षांत.

पण कुजायला ओल लागते. अमेरिकेत अॅरिझोना विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथजी यांनी १९७३मध्ये कचऱ्याचा अभ्यास सुरू केला आणि पुढे त्यांच्या चमूने लँडफिलही खणली. दशकानुदशके पुरलेली वर्तमानपत्रे वाचता येतील इतकी शाबूत निघाली. घट्ट दाबलेल्या कोरड्या थरात जिवाणूंचे काम रखडते. उलट, तळाशी झिरपून साचलेले पाणी पुन्हा कचऱ्यात सोडले तर कुजणे आणि खचणे दोन्ही वेगाने होते. काही ठिकाणी मुद्दाम तसे करतात, कारण लँडफिल चालू असताना कचरा बसला की नव्या कचऱ्याला जागा होते.

खरी अडचण असमान खचण्याची आहे. एका जागी अन्नाचा ओला थर, दहा मीटरवर बांधकामाचा राडारोडा. पहिली जागा खाली जाते, दुसरी जवळपास हलतही नाही. मधल्या पट्ट्यात वरचे मातीचे आवरण ताणले जाते, त्याला भेगा पडतात. खोलगट भागात पावसाचे पाणी साचते आणि भेगांतून आत शिरते. वायू गोळा करणाऱ्या नळ्या मधेच वाकतात, त्या वाकात पाणी धरते आणि मिथेनची वाट अडते. म्हणूनच माथा बंद करताना त्याला पुरेसा उतार देतात, खचल्यावरही पाणी वाहून जावे म्हणून. अमेरिकेच्या नियमांत घरगुती कचऱ्याचे लँडफिल बंद केल्यावरही सर्वसाधारणपणे ३० वर्षे आवरणाची देखभाल करावी लागते. खचल्यामुळे पडलेले खड्डे बुजवणे हा त्या कामाचाच भाग आहे.