96–0 कसं होतं? रग्बीतल्या नवख्या संघांचं गणित

कॅरमचा एकच बोर्ड खेळायचा असेल, तर ठाण्याच्या वर्तकनगरातल्या कुठल्याही सोसायटीत नवशिका पट्टीच्या खेळाडूला कधी ना कधी हरवतो. दोन सोंगट्या आपसूक पडतात, राणीला कव्हर मिळतं आणि काम होतं. तेच 25 गुणांचे तीन गेम ठेवा. नवशिक्याचं नशीब तिसऱ्या-चौथ्या बोर्डापर्यंत आटतं. फुटबॉल हा एका बोर्डाच्या जवळ जाणारा खेळ आहे, रग्बी तीन गेमच्या.

रग्बीत ट्रायला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की) 5, त्यानंतरच्या कन्व्हर्जनला (गोलखांबांमधून मारलेल्या किकला) 2, पेनल्टी (प्रतिस्पर्ध्याच्या चुकीवर मिळालेली किक) आणि ड्रॉप गोलला (चालू खेळात खांबांमधून मारलेल्या किकला) प्रत्येकी 3 गुण. 80 मिनिटांत गुण घेण्याच्या संधी भरपूर येतात. समजा, दर 10 संधींपैकी 7 बलवान संघ साधतो आणि 3 कच्चा संघ. सामन्यात एकूण 3 संधी असतील तर कच्च्या संघाने निम्म्याहून जास्त संधी साधण्याची शक्यता सुमारे 22 टक्के. 11 असतील तर 8 टक्के, 15 असतील तर 5. कसब तेच, फरक तोच. फक्त नाणं जास्त वेळा उडवलं. म्हणूनच 2015 च्या विश्वचषकात ब्रायटनला जपानने दक्षिण आफ्रिकेला 34–32 हरवलं त्याची आठवण अजून निघते, आणि 2023 च्या विश्वचषकात फ्रान्सने नामिबियाला 96–0 हरवलं त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

पण हरणं एक आणि 96 खाणं दुसरं. त्यामागे खेळाचा एक नियम आहे, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. कबड्डीत लोण बसलं की प्रतिस्पर्ध्याला जादा 2 गुण मिळतात, पण मार खाल्लेल्या संघाचे सगळे सात गडी पुन्हा आत येतात. डाव नव्याने मांडला जातो. पंधरा जणांच्या रग्बीत उलट आहे: ज्याच्यावर गुण झाले त्यानेच मध्यरेषेवरून चेंडू लाथाडायचा, तोही किमान 10 मीटर पलीकडे. म्हणजे चेंडू जातो नुकतेच गुण घेतलेल्या संघाकडे. दोन तुल्यबळ संघांत हे न्याय्य ठरतं, कारण चेंडू गेला तरी खेळ प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत खोलवर ढकलला जातो, आणि तिथून सुटायला त्यालाही लांब किक मारावी लागते. ताकदीत फार तफावत असली की हिशेब बिघडतो. बलवान संघ किक मारतच नाही, हातातूनच चेंडू पुढे नेतो, आणि दमलेल्या पोरांना पुन्हा टॅकल करत, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडत, बसावं लागतं. टॅकल करणारा चेंडू घेऊन पळणाऱ्यापेक्षा लवकर थकतो. शेवटच्या 20 मिनिटांत धावफलक का उसळतो, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. सात जणांच्या रग्बीत मात्र गुण घेणारा संघच किक-ऑफ करतो. ज्या फिजीने 2016 आणि टोकियो अशी दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली तो हाच प्रकार.

विश्रांतीचाही हिशेब आहे. जोरदार टक्करींनंतर स्नायूंची झीज भरून यायला दोन-तीन दिवस तरी सहज जातात. 2015 मध्ये 19 सप्टेंबरला दक्षिण आफ्रिकेला हरवलेला जपान 23 तारखेला ताज्यातवान्या स्कॉटलंडसमोर उभा राहिला. मध्यंतराला 12–7 असलेला सामना 45–10 वर संपला. चार वर्षांनी जपानमधल्याच विश्वचषकात पारडं फिरलं: स्कॉटलंड 9 ऑक्टोबरला रशियाशी खेळून 13 ला जपानसमोर आला, जपान 5 तारखेपासून मोकळा होता. जपान 28–21 ने जिंकला. सगळं श्रेय वेळापत्रकाला देता येणार नाही; रशियाविरुद्ध स्कॉटलंडने बहुतेक संघ बदलला होता. पण असा दुसरा संघ बाकावर बसवायची ऐपत किती देशांची असते?

आता मुद्द्याचं. नवख्या संघांना मोठ्यांशी सामने मिळतच नाहीत, आणि त्यामागे जागतिक क्रमवारीचं सूत्रही आहे. 2003 मध्ये सुरू झालेल्या या क्रमवारीत गुण देवाणघेवाणीने फिरतात. एकाचे जेवढे वाढतात तेवढेच दुसऱ्याचे घटतात. दोघांच्या गुणांतला फरक 4 असेल तर वरचा जिंकल्यावर त्याला 0.6 मिळतो, खालचा जिंकला तर त्याला 1.4. बरोबरी झाली तर खालच्याला 0.4. सामना 15 पेक्षा जास्त गुणफरकाने सुटला की देवाणघेवाण दीडपट. फरक 10 किंवा त्याहून जास्त असला की तो 10 च धरायचा. म्हणजे 90 गुणांचा संघ 77 गुणांच्या संघाशी खेळला तर जिंकून त्याला काय मिळतं? शून्य. हरला तर 2 गेले, दाणकन हरला तर 3. कुठला व्यवस्थापक असा सामना मागेल? विश्वचषकाच्या गटांची सोडत याच क्रमवारीवर निघते, म्हणून हे नुसते कागदावरचे आकडे नाहीत. गंमत म्हणजे खालच्या संघाला अशा सामन्यात हरल्याचा दंड अजिबात नाही. खेळायची इच्छा एकाला, निमंत्रण दुसऱ्याच्या हाती.

पैशाचंही तसंच. परंपरेने तिकिटांची कमाई यजमानाची, त्यामुळे जो कायम पाहुणा त्याचा गल्ला कायम रिकामा. न्यूझीलंडचा संघ सामोआत पहिली कसोटी खेळायला 2015 मध्ये गेला.

सामने मिळाल्यावर काय होतं ते अर्जेंटिनाने दाखवलं. 2012 मध्ये न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या वार्षिक स्पर्धेत त्यांना घेतलं. पहिल्या वर्षी एक बरोबरी, पाच पराभव. दुसऱ्या वर्षी सहाच्या सहा पराभव. ऑगस्ट 2013 मध्ये दक्षिण आफ्रिकेने त्यांना 73–13 धुतलं, आणि बरोबर आठवड्याने मेंडोसात तोच सामना 22–17 असा सुटला. आठ दिवसांत कुणाच्या मांड्या जाड होत नाहीत. बदललं ते मैदान, आणि चुका ताज्या असताना त्या दुरुस्त करायची मिळालेली संधी. पहिला विजय ऑक्टोबर 2014 मध्ये, अठराव्या सामन्यात आला. 2015 मध्ये हाच संघ विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत होता. 2020 मध्ये त्यांनी न्यूझीलंडला 25–15 हरवलं. बाराव्या सामन्यानंतर ‘यांना जमत नाही’ म्हणून बाहेर काढलं असतं तर?

जॉर्जियाला तेवढंही मिळालेलं नाही. 2022 मध्ये त्यांनी बाटुमीत इटलीला 28–19 आणि कार्डिफला जाऊन वेल्सला 13–12 हरवलं, तरी युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेचं दार 2000 मध्ये इटलीला घेतल्यापासून बंदच आहे. 2026 च्या नव्या नेशन्स चॅम्पियनशिपमधल्या बारा संघांत जपान आणि फिजी आहेत, पण बढती आणि घसरण ठरली आहे 2030 पासून. 2027 च्या विश्वचषकात 24 संघ असतील, चार-चारचे सहा गट. संख्या वाढवणं सोपं असतं. मधल्या चार वर्षांत सामने नसतील तर 96–0 ची संख्याही वाढेल.

दुसरा खरा अडसर आहे पहिल्या फळीचा. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण खांदे भिडवून चेंडूसाठी रेटतात तेव्हा, पुढे तिघं असतात: लूजहेड प्रॉप (डावीकडे), हूकर (मधे), टाइटहेड प्रॉप (उजवीकडे). मागच्या पाच जणांचा जोर त्यांच्या माना आणि खांद्यांतून पुढे जातो. 23 जणांच्या संघात या तीन जागांसाठी प्रत्येकी दोन, म्हणजे 6 प्रशिक्षित खेळाडू लागतात. पळणारा गडी कबड्डीतून, धावण्याच्या शर्यतीतून उचलता येतो. टाइटहेड उचलता येत नाही, त्याची मान घडायला वर्षं लागतात. सात जणांच्या रग्बीत स्क्रम तिघांचाच, त्यामुळे तो प्रकार कितीही वाढला तरी त्यातून प्रॉप तयार होत नाहीत. भारताची अडचण नेमकी ही. महिलांनी 2018 मध्ये पंधरा जणींचं रग्बी सुरू केलं आणि 2019 मध्ये मनिलात सिंगापूरला 21–19 हरवलं, हे म्हणूनच जास्त मोलाचं. 

ठाणे–नवी मुंबईच्या शाळांत हेच गणित छोट्या मापात लावता येतं. ठाणे, ऐरोली, खारघर, पनवेल असे चार संघ धरले तर ट्रान्स-हार्बर लोकलने रविवारी सकाळी जाऊन दुपारी घरी परतता येतं. प्रत्येकाला 50 गुण देऊन क्रमवारीचं सूत्र वहीत चालवायचं. ऐरोली 53 आणि पनवेल 49 झाले की फरक 4. ऐरोली जिंकली तर 0.6, पनवेल जिंकलं तर 1.4. दर महिन्याला वहीत लागोपाठ असलेले संघ भिडवायचे, पण एक सामना मुद्दाम दोन पायऱ्या वरच्याशी. 10 ते 14 वयाला 4 नंबरचा चेंडू. मोठ्यांचा 5 नंबरचा त्यांच्या तळव्यात मावत नाही, मग मुलं तो छातीशी कवटाळतात आणि पास द्यायला शिकतच नाहीत. 7 मिनिटांचे दोन डाव. मध्यंतराला 20 पेक्षा जास्त फरक पडला तर दोन गडी अदलाबदल करायचे आणि पुढचे किक-ऑफ आघाडीवरच्या संघाने मारायचे, म्हणजे चेंडू मागे पडलेल्याला मिळतो.

जून ते सप्टेंबर फक्त टच रग्बी, म्हणजे पाडायचं नाही, नुसता हात लावायचा. चिखलात पाय सरकला की ढकलाढकलीत पहिल्या फळीवर सगळा भार येतो आणि स्क्रम कोसळतो, म्हणून ओल्या मैदानावर जोराचा स्क्रम लावायचा नाही. टॅकल शिकवायचं ते पाऊस संपल्यावर, गवत धरलेल्या जागेवर: आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग पळत. डोकं कायम प्रतिस्पर्ध्याच्या पार्श्वभागाच्या मागच्या बाजूला, पुढे कधीच नाही. घाईत ही पायरी गाळलेल्या मुलाचं डोकं पहिल्याच सामन्यात समोरच्याच्या गुडघ्यापुढे जातं.