लाकडी पट्ट्यांचे वृंदवादन : मारिंबा आणि झायलोफोनच्या मेळामागचा इतिहास

मारिंबा आणि झायलोफोन ही दोन्ही वाद्ये आपल्याकडच्या काष्ठतरंगाच्या कुळातली असली, तरी त्यांच्या पट्ट्या वेगळ्या घडवलेल्या असतात. मारिंबाची पट्टी खालून खोल कोरून तिच्यातला पहिला उपस्वर (मूळ सुराबरोबर उमटणारा वरचा सूर) मूळ सुराच्या दोन सप्तके वर आणतात. झायलोफोनमध्ये तो वरच्या सप्तकातल्या पंचमावर जुळवतात. त्यामुळे मारिंबा खर्जात भरदार वाजते, तर झायलोफोनचा आवाज वरच्या सप्तकांत टोकदार उमटतो. दोन्ही वाद्यांत सुराची आस, म्हणजे आघातानंतर सूर घुमत राहणे, मात्र थोडी असते, आणि लांब सूर धरायचा झाला तर दोन्ही हातांनी झपाझप आघात करत राहावे लागते. मेळासाठी संगीत बांधणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या हीच अडचण सोडवावी लागली आहे.

हा मेळ पाश्चात्त्य वाद्यवृंदाने घडवला, असे समजणे अन्यायाचे ठरेल. मोझांबिकमधल्या चोपी लोकांचे तिंबिला-वृंद लहानमोठ्या आकारांची अशी वाद्ये एकत्र वाजवतात आणि त्यांची परंपरा जुनी आहे. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकनांबरोबर ही विद्या मध्य अमेरिकेत पोहोचली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे 1890च्या दशकात पियानोसारखी काळ्या-पांढऱ्या सुरांची दुहेरी मारिंबा तयार झाली. तिच्या श्रेयावर ग्वातेमाला आणि मेक्सिकोतले चियापास हे दोन्ही प्रदेश हक्क सांगतात. ग्वातेमालाच्या पूर्ण संचात मोठ्या मारिंबावर चार आणि लहानीवर तीन असे सात वादक चाल, साथ आणि खर्ज वाटून घेतात. वाद्यवृंदासाठी लिहिलेले वॉल्ट्झ (तीन मात्रांचे नृत्यसंगीत) दोन वाद्यांवर आणण्याची ही श्रमविभागणी माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची देणगी आहे. ग्वातेमालाच्या उर्तादो बंधूंचा मेळ 1915मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात वाजला आणि अमेरिकेत या वाद्याची गोडी वाढली.

शिकागोची डीगन कंपनी मारिंबा बनवू लागली होतीच. तिथल्या क्लेअर ओमर मसर यांनी 1933च्या शिकागो प्रदर्शनासाठी शंभर वादकांचा वृंद उभा केला, आणि 1935मध्ये तितकाच मोठा दुसरा वृंद पॅरिस व न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवला. त्यासाठी खास घडवलेल्या वाद्यांना पाचव्या जॉर्ज राजाचे नाव दिले होते. मारिंबासाठी स्वतंत्र रचना तेव्हा जवळजवळ नव्हत्या, म्हणून सिंफनींचे भाग संयोजित करावे लागले. शंभर जणांचे अखंड आघात एकमेकांत मिसळून आस टिकत असे.

झायलोफोनचे नशीब वेगळे निघाले. मायक्रोफोन येण्यापूर्वीच्या भोंग्यासमोरच्या ध्वनिमुद्रणात त्याचा तीक्ष्ण आवाज स्वच्छ उमटत असल्याने जॉर्ज हॅमिल्टन ग्रीन यांच्यासारखे रॅगटाइम (तुटक, उसळत्या लयीचे अमेरिकी लोकप्रिय संगीत) वाजवणारे वादक लोकप्रिय झाले, आणि विजेवरचे ध्वनिमुद्रण रुळल्यावर ही लाट ओसरली. 1970च्या दशकात टोरांटोच्या नेक्सस या तालवाद्यवृंदाने ग्रीन यांच्या रचना पुन्हा पुढे आणल्या. त्या वृंदातल्या बॉब बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे झायलोफोन आणि साथीला चार मारिंबावादक अशी मांडणी केली, आणि ती महाविद्यालयीन तालवाद्यवृंदांत आजही नेमाने वाजते.

अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइश यांनी 1986मध्ये सहा पियानोंसाठीची आपलीच 1973ची रचना सहा मारिंबांवर आणली, तेव्हा लांब सुरांची गरजच उरली नाही: तिथे सारे संगीत एकमेकांवर सरकणाऱ्या तुटक आघातांतूनच उभे राहते.