शालेय लैंगिकता शिक्षण (महाराष्ट्र)

वयात येणाऱ्या मुलामुलींना शरीरातले बदल, मासिक पाळी, प्रजनन, संमती, लैंगिक अत्याचारापासून संरक्षण आणि लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार यांची वयाला साजेशी माहिती शाळेतून देणे व अडचणीच्या वेळी मदत मिळवून देणे, म्हणजे शालेय लैंगिकता शिक्षण. महाराष्ट्रात माहितीची बाजू थोडीफार उभी राहिली आहे. मदतीची बाजू मात्र अजून फार कच्ची आहे.

मराठी समाजात या विषयाची चर्चा जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यापायी त्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते.

एचआयव्हीच्या प्रसाराची चिंता वाढली तेव्हा केंद्र सरकारने २००५ मध्ये शाळांसाठी किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला. त्यातल्या चित्रांवर आणि मजकुरावर आक्षेप घेतले गेले आणि २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो नाकारला. मजकुरात दुरुस्ती करता आली असती. तसे न करता विषयच बाजूला सारला गेला, हे मोठे नुकसान झाले. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. १० ते १९ वयोगटासाठी असलेल्या या कार्यक्रमातली सरकारी रुग्णालयांमधली सल्ला केंद्रे राज्यात ‘मैत्री क्लिनिक’ म्हणून ओळखली जातात. आयुष्मान भारत योजनेच्या २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना, शक्यतो एक शिक्षक आणि एक शिक्षिका, आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना आहे.

पाठ्यपुस्तकात विषय नाही असे नाही. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननसंस्था आणि ऋतुचक्र आहे. तरी कित्येक वर्गांत हा धडा ‘घरी वाचून घ्या’ म्हणून पुढे ढकलला जातो. आकृतीला नावे द्यायला मुले शिकतात, पण त्यांचे स्वतःचे प्रश्न तसेच राहतात.

ते प्रश्न बाहेर काढायला सर्वांत उपयोगी पडते ती प्रश्नपेटी. सत्राच्या आदल्या दिवशी वर्गात पेटी ठेवायची, प्रत्येकाला सारखाच कागद द्यायचा आणि नाव न घालता प्रत्येकाने काहीतरी लिहून टाकायचे. प्रश्न नसेल त्याने कविता लिहिली तरी चालते, म्हणजे कोण लिहितो आणि कोण नाही हे कळत नाही. चिठ्ठ्यांमधून साधारण एकाच जातीचे प्रश्न निघतात: पाळी दोन महिने आली नाही तर काय करायचे, अंगावरून पांढरे जाते तो आजार आहे का, झोपेत वीर्य गेले की अशक्तपणा येतो का. उत्तरे सोपी आहेत. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे ती मागेपुढे होते. थोडा पांढरा स्राव नैसर्गिक असतो, पण वास, खाज किंवा वेदना असेल तर डॉक्टरांना दाखवावे. झोपेतल्या वीर्यपाताने ताकद कमी होत नाही. शाळेने हे एवढेही सांगितले नाही, तर एसटी स्टँडच्या भिंतीवरचे ‘गुप्तरोग’वाले वैद्य ते आपल्या परीने सांगतात आणि पोरगा पैसे आणि मनःशांती दोन्ही घालवून बसतो.

बऱ्याच शाळांत मुलींना वेगळे बसवून पाळी आणि सॅनिटरी पॅडवर एक व्याख्यान होते. तेवढ्या वेळात मुलगे मैदानावर. ही पद्धत मोडायला हवी. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेतून डॉ. राणी बंग यांनी चालवलेल्या ‘तारुण्यभान’ शिबिरांत मुलगे आणि मुली दोघेही असतात. पुण्याच्या ‘तथापि’ संस्थेने शरीर साक्षरतेचे काम केले आहे. शिकवणाऱ्याला आधी स्वतःचा संकोच घालवावा लागतो, हे अशा कामातून पुन्हा पुन्हा दिसते.

गरज किती आहे, ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतून (२०१९-२१) कळते. राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते. अशा मुलीला संततिनियमनाची माहिती दहावीपर्यंत मिळाली नाही, तर पुढे ती शाळेत नसतेच.

सर्वांत नाजूक जागा कायद्याची आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार (२०१२) अठरा वर्षांखालील व्यक्तीशी कोणताही लैंगिक संबंध हा गुन्हा आहे, दोघांच्या मर्जीने असला तरी. आणि कलम १९ प्रमाणे माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. अत्याचार झालेल्या मुलासाठी हे संरक्षण आवश्यकच आहे. पण प्रेमप्रकरणातून अडचणीत आलेली सतरा वर्षांची मुलगी याच भीतीने बाईंकडे किंवा दवाखान्यात जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये यातून एक वाट दिली: अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिने व तिच्या पालकाने विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचे नाव उघड करण्याची गरज नाही. आरोग्यदूत शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा निकाल शिकवला गेला पाहिजे. ‘मी कुणाला सांगणार नाही’ असे वचन शिक्षकाने देऊ नये. काय गुप्त राहील आणि काय कळवावे लागेल हे मूल बोलायला लागण्याआधीच सांगावे, आणि १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक वर्गात कायम लावलेला असावा.